घारीचा वाटा

मला पक्ष्यांची आवड नव्हती, आणि आता आहे असंही म्हणवत नाही. आमच्या नवव्या मजल्यावरच्या घरात तो सगळा प्रकार सुरू झाला तो सासूबाईंच्या मोडलेल्या खुब्यामुळे.

दिवाळी झाली आणि आठवड्याभरात त्या बाथरूममध्ये घसरल्या. ऑपरेशन झालं, आत पट्टी आणि स्क्रू बसले. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की थंडी संपेपर्यंत या वॉकर धरून चालायला लागल्या तर ठीक, नाहीतर पलंगावरच राहतील, आणि या वयात पलंगावर राहिलेलं माणूस फार दिवस काढत नाही. पुढची तपासणी होळीच्या आधी होती.

मी पनवेलमध्ये एका औषधांच्या दुकानात दुपारी दोन ते नऊ काम करते. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरचे लोक डायपर, पावडर, पाठीच्या जखमेचं मलम माझ्याकडूनच नेतात. पहिल्या महिन्यात ते चौकशी करतात, कुठलं मलम चांगलं, दिवसातून किती वेळा लावायचं. सहाव्या महिन्यात ते काही विचारत नाहीत, नुसती रिकामी ट्यूब पुढे करतात. त्यामुळे डॉक्टर काय म्हणाले ते मला नीट समजलं होतं.

सासूबाईंना मात्र उठायचंच नव्हतं. साठ वर्षं मिठागरात आणि खाडीत वाकून काम केलेली बाई, पण पलंगावर पडली ती भिंतीकडे तोंड करून. व्यायाम शिकवायला एक मुलगा यायचा, त्याला तिसऱ्या दिवशी त्यांनी घालवून दिलं. "परका पोरगा पाय धरतो, मना लाज वाटते." मी रोज सकाळी विचारायचे, "आई, आज उठायचं ना?" त्या म्हणायच्या, "उद्या." नवरा तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर. मी दुकानात असताना घरी कुणी हवं म्हणून त्याने दुपारची पाळी सोडून दिली होती, तरी सकाळचं पुसणं, भांडं देणं, कपडे बदलणं, कुशीवर वळवणं माझ्याकडे. त्या अंगाने भरलेल्या आहेत. मी पाचला उठायचे आणि नऊ वाजेपर्यंत माझा दिवस अर्धा संपलेला असायचा.

नोव्हेंबरच्या शेवटी एक दिवस मी स्वयंपाकघराला लागून असलेल्या छोट्या बाल्कनीत बोयटं, खाडीतले मासे, साफ करत बसले होते. अकरा वाजले असतील. समोर खाडी, तिच्याकडेचा लव्हाळा आणि त्यापलीकडे विमानतळाचं कुंपण. त्या कुंपणाच्या आत कुठेतरी, विमानतळासाठी उठवलेलं, सासूबाईंचं गाव होतं. एक घार शीळ घालत आमच्यासमोरून गेली आणि वळून परत आली.

आतून पलंगावरून आवाज आला. "घार आली. तिचा वाटा दे."

"आई, हा नववा मजला आहे."

"तिला काय मजले मोजायचंत?"

माझं माहेर शिरढोणचं. आमच्याकडे घार दिसली की कोंबडीची पिल्लं टोपलीखाली झाकायची, तिच्याशी एवढाच संबंध. सासूबाईंच्या गावात मात्र मासे साफ करायला बसलेली बाई पहिलं डोकं आणि आतडी बांधावर फेकायची. तो घारीचा वाटा. तो दिला की घार वाळत घातलेल्या बोंबलांना आणि जवळ्याला तोंड लावत नाही, असं त्या सांगायच्या. "हात वलखते ती," म्हणायच्या. खरं खोटं मला माहीत नाही.

वाद घालायला वेळ नव्हता. मी एक डोकं कठड्याबाहेर फेकलं. घारीने ते हवेतल्या हवेत पायात धरलं आणि उडता उडताच वाकून खायला लागली. सासूबाईंनी मान वर करून बघायचा प्रयत्न केला, पण दाराची चौकट आड येत होती.

"धरला का?"

"धरला."

"परत टाक. मना दिसला नाय."

"दिसायला हवं तर इथे या," मी म्हटलं. हे मी काही युक्ती म्हणून म्हटलं नाही. वैतागून म्हटलं. हात माशांनी बरबटलेले होते आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला त्यांनी वॉकर मागितला.

पलंगापासून बाल्कनीपर्यंत अकरा पावलं आहेत. पहिल्या दिवशी चार झाली, मग खुर्ची पुढे ओढावी लागली. आठव्या दिवशी अकराही झाली. त्या कठड्याजवळच्या खुर्चीत बसायच्या, मी ताटली मांडीवर द्यायचे आणि त्या एकेक तुकडा बाहेर भिरकावायच्या. एका घारीच्या तीन झाल्या, तिनाच्या सात. सोमवार-गुरुवार आमच्याकडे मासे नसतात, आणि त्यात मार्गशीर्ष आला. मग मी आदल्या दिवशीची डोकी डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवायला लागले. नवऱ्याने बर्फ काढताना तो डबा उघडला.

"हे काय ठेवलंयस?"

"घारींचा गुरुवार."

"मी गुरुवारी अंडं मागितलं तर नाही म्हणतेस."

"तू उडून दाखव, देते."

सासूबाईंच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला आहे. जवळची सुई त्यांना दिसत नाही, पण लांबचं माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. घारींचं खाऊन झालं तरी त्या तासभर तिथेच बसायच्या आणि खाडीकडे बघायच्या. त्यांच्यामुळे मला कळलं की मी ज्यांना सरसकट घार म्हणत होते त्यात पाच-सहा निरनिराळे पक्षी होते आणि त्यांतले काही फक्त थंडीतच येतात.

नवरा रात्रपाळी करून आला की झोपायच्या आधी त्यांच्याजवळ चहा घेऊन बसायचा. "आये, ती कुठली?"

"लव्हाल्यातली. थंडीला येते. पंख वर करून चालते बघ, बाई लुगडा उचलून चिखलातून जाते तशी."

तो मोबाईलमध्ये शोधायचा. भोवत्या, असं नाव निघालं. विजेच्या मोठ्या टॉवरवर बसणारी पांढऱ्या पोटाची मच्छीमार घार त्यांना जुनी माहीत होती. ती पकडलेल्या माशाचं तोंड नेहमी पुढे ठेवून नेते, हे त्यांनीच मला दाखवलं. अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगच्या टाकीवर एक बहिरी ससाणा बसायचा. तो कबुतरावर पडला की सासूबाई मांडीवर थाप मारायच्या. नवऱ्याने फोटो दाखवले की त्या पोलिसासारख्या ओळख पटवायच्या. "यो नाय. याचा तोंड वेगला. दुसरा दाखव."

मी त्यांच्याबरोबर दहा मिनिटं उभी राहायचे. त्यात कौतुक नव्हतं. त्या दहा मिनिटांत मला कुणाला उचलायचं नसायचं.

सोसायटीच्या ग्रुपवर तक्रारी यायला लागल्या होत्या. नवव्या मजल्यावरून मच्छी फेकणं प्लीज बंद करा. माझ्या गाडीवर खवले पडलेत. बाल्कनीत पिसं आणि घाण. सेक्रेटरी चौथ्या मजल्यावर राहतात, ते लिफ्टमध्ये भेटले.

"मॅडम, तुम्ही शिकलेली माणसं."

"सासूबाई आजारी आहेत."

"आजारी आहेत आणि मच्छी फेकतात?"

"त्यासाठीच उठतात."

त्यांना हे कळलं नाही, आणि मीही समजावत बसले नाही. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. दुसऱ्या कुणी फेकलं असतं तर मीच पहिली तक्रार केली असती. पण सासूबाई भिंतीला धरून बाथरूमपर्यंत जायला लागल्या होत्या, डायपर फक्त रात्रीचा राहिला होता, आणि एवढ्यावर आलेलं मागे जाऊ द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. मी तुकडे लहान केले आणि बाल्कनी फिनेलने पुसायला लागले. सेक्रेटरींच्या पुढच्या मेसेजला उत्तर दिलं नाही.

संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवायला सगळी बिल्डिंग जमली होती. बाराव्या मजल्यावरच्या भाडेकरूंची मुलगी, सात वर्षांची, आईने दिलेली अंड्याची पोळी हातात धरून खात होती. घार मागून आली आणि पोळी घेऊन गेली. जाताना नखं कपाळावरून ओढली गेली.

मी तेव्हा तिळगुळाच्या वाट्या भरत होते. खालच्या मजल्यावरच्या बाईने दार वाजवून सांगितलं, आणि सांगताना ती आमच्या बाल्कनीकडे बघत होती.

मी वर गेले. मुलगी सोफ्यावर बसली होती, कपाळाला ओला रुमाल. मी तो काढून बघितलं. तीन ओरखडे, त्यातला खालचा भुवईतून उतरून पापणीच्या जरा वर थांबला होता. मी साबणाने धुवायला सांगितलं, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवणं आजच्या आज, हेही सांगितलं. दुकानात सांगते तसंच सांगितलं. 

मुलीची आई म्हणाली, "सगळे म्हणतात नवव्या मजल्यावर त्यांना खायला घालतात."

"हो. आमच्याच घरी."

मी नाही म्हणेन अशी तिची अपेक्षा असावी. तिने रुमाल परत मुलीच्या कपाळावर धरला. मग म्हणाली, "आणखी जरा खाली असतं तर?"

 मी त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले. डोळ्याला काही झालेलं नव्हतं.

घरी आल्यावर मी सासूबाईंना सांगितलं, काही न लपवता. लपवण्यात अर्थ नव्हता, फेकणं आता बंदच होणार होतं. त्यांनी दोनदा विचारलं, डोळा हाय ना. 

"गावाला आमी बांधावर टाकायचो," त्या म्हणाल्या. "घार भुईवरून उचलायची. मानूस लांब. हितं भुई नाय, म्हणून मी हवेत टाकला. माझ्या हातातनं सुटला का तिच्या पायात. मग तिला काय वाटंल? मानसाच्या हातात हाय ते आपलाच."

सगळं बरोबर होतं. साठ वर्षांची रीत नवव्या मजल्यावर आणली होती आणि त्यातली जमीन तेवढी खाली राहिली होती. माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी घारींना सासूबाईंच्या हातापासून वीतभर अंतरावर तुकडा उचलताना रोज बघत होते.

"चूक माझीपण आहे," मी म्हटलं.

"तुझी कशी? तू पोर. तुला काय ठावं?"

मी एकोणपन्नास वर्षांची आहे.

दुसऱ्या दिवशी अकराला घारी आल्या. बाल्कनीचं दार लावून घेतलेलं होतं. काचेसमोर त्या येत, शीळ घालत, वळत, परत येत. एक कठड्यावर बसून आत बघत होती. सासूबाईंनी वॉकर मागितला नाही. त्या भिंतीकडे वळून निजल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पडदा वढ."

तेव्हापासून पुन्हा सगळं पलंगावर आलं. नवऱ्याने कारखान्यातल्या कुणाकडून दुर्बीण आणली. "आये, लव्हाळ्यातली आलीय बघ. ससाणा पण बसलाय."

"बसू दे."

"खायला नको घालू, नुसती बघ."

"तू बघ. तुझं डोलं चांगलं हायत."

त्याने दुर्बीण टीव्हीवर ठेवून दिली. मी व्यायामाच्या मुलाला परत बोलावलं, त्यांनी डोळे मिटून घेतले. मी रागावून बघितलं, गोड बोलून बघितलं, होळीची तारीख सांगून बघितली. टाचेवर लालसर डाग दिसला तेव्हा मी दुकानातून ते मलम घरी आणलं. बिल करताना माझ्याच दुकानातली मुलगी म्हणाली, "कुणासाठी, ताई?" मी म्हटलं, घरी. ती पुढे काही बोलली नाही. मीच तिला तसं शिकवलेलं आहे.

त्या आठवड्यात सासूबाईंना वळवताना माझ्या कमरेत चमक भरली आणि मी पलंगाच्या कडेला तशीच बसून राहिले. पडद्याच्या फटीतून एक घार दिसत होती. फार लांब गोल फिरत होती. आमच्याकडे येणं घारींनी तोपर्यंत जवळजवळ सोडलं होतं. मला कुणाचाच राग आला नाही. फक्त असं वाटलं, की कुणीतरी यावं आणि मलाही असंच कुशीवर वळवून द्यावं.

"ती पोर शालंत जाते का?" सासूबाईंनी भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"जाते. दुपारची शाळा आहे. पण गच्चीवर जात नाही. तिची आई लिफ्टमध्ये भेटली होती. खिडकीवर कावळा बसला तरी ओरडते म्हणे. शाळेत जाताना डोक्यावर दप्तर धरते."

त्यांनी भिंतीकडचं तोंड वळवलं. मग म्हणाल्या, "मना तिच्याकडं ने."

"मी तिला इथे घेऊन येते."

"ती कशाला येल? चूक तिनं केलीय का?"

"आई, लिफ्टपर्यंत किती आहे माहीत आहे का? पलंगावरून बाल्कनीपर्यंत येत नाही तुम्ही."

"बाल्कनीत मना काय काम हाय आता? वॉकर दे."

दोन आठवडे न चाललेले पाय होते. दारापर्यंत पोहोचायलाच वीस मिनिटं गेली. मी एका हातात प्लास्टिकचं स्टूल घेऊन मागे, दुसरा हात त्यांच्या पाठीशी. पॅसेजमध्ये दोनदा बसल्या. वरून खाली येणाऱ्या लिफ्टमध्ये सेक्रेटरी होते. त्यांनी आमच्याकडे बघितलं, लिफ्ट आम्हाला देऊन बाहेर आले आणि दार धरून उभे राहिले. मग जिन्याने खाली गेले.

बाराव्या मजल्यावर मुलीच्या आईने दार उघडलं. ती गोंधळली. सासूबाई घामाने भिजल्या होत्या, बसण्याआधीच म्हणाल्या, "बाय, मीच ती. पोर कुठं हाय?"

मुलगी आतल्या दाराआडून बघत होती. भुवईवर खपली होती.

"हितं ये. मना दाव."

ती आली नाही. तिथूनच म्हणाली, "ती घार तुमची आहे?"

"नाय गो. कोनाचीच नाय."

"मग तिने मला का मारलं?"

"तुला नाय मारला. पोली पायजे होती तिला. मी तिला वंगाल सवय लावली. आता मोडली." त्यांनी श्वास घेतला. "तुला राग आला असंल तर मना सांग. तिला सांगून काय फायदा नाय, ती ऐकत नाय."

मुलीने विचार केला. "आला होता," ती म्हणाली.

"मग बरोबर."

त्यांच्या हॉलची खिडकी आमच्यासारखीच खाडीकडे आहे. ती घट्ट लावलेली होती, पडदाही ओढलेला. सासूबाईंनी मला पडदा सारायला सांगितला. लव्हाळ्यावर भोवत्या फिरत होता. मुलगी दाराआड सरकली.

"त्यो बघ. त्यो बेडूक खातो. पोली दिली तरी नको म्हनंल. आनि त्या टॉवरवर बसलीय ती निसता मासा खाते. त्यांना तुझी गरज नाय." मग म्हणाल्या, "कोन काय खातो, ते एकदा कलला का भ्या वाटत नाय."

"आणि कावळा?" मुलीने विचारलं.

"कावला समदं खातो. त्याच्यापुढं डबा उघरायचा नाय."

मुलीची आई हसली, मग आपण हसलो हे तिला आवडलं नसावं, चहा करायला आत गेली.

परतताना सासूबाई इतक्या थकल्या होत्या की पॅसेजमधलं अर्धं अंतर मी त्यांना जवळजवळ उचलूनच आणलं. कंबर परत धरली. पलंगावर पडल्यावर त्या म्हणाल्या, "उद्या साडेधाला उठव. शालंच्या आधी जायाचा."

"रोज जायचं का?"

"तिचा भ्या एका दिसात जानार हाय का?"

गेले चार आठवडे आम्ही जातो. मधले दोन दिवस त्यांच्या पायाला सूज होती म्हणून चुकले, एकदा मुलगी आजोळी होती. ती अजून गच्चीवर जात नाही. भुवईत केस उगवतील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. तिची आई माझ्याशी कामापुरतं बोलते, तेवढं पुष्कळ झालं. पण मुलीने मागच्या आठवड्यात खिडकी स्वतः उघडली, दोन बोटं फट. दुर्बीण तिच्याकडेच असते. नवऱ्याला ती परत करायची आहे, तो रोज आठवण करून देतो, आणि मी रोज उद्या म्हणते.

होळीच्या आधीची तपासणी काल झाली. डॉक्टरांनी सासूबाईंना त्यांच्या खोलीत दारापासून टेबलापर्यंत चालायला लावलं. त्या चालल्या. डावा पाय ओढतात, तो तसाच राहील. डॉक्टरांनी मला विचारलं, व्यायाम कोण करून घेतं? मी म्हटलं, बाराव्या मजल्यावरची एक मुलगी. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

सासूबाई साडेदहा ते साडेअकरा वर असतात. मी त्यांना सोडते, खाली येते, दार लावते आणि आडवी होते. मासे तसेच सिंकमध्ये असतात. तो एक तास मी खाडीकडे बघतही नाही.